चिठ्ठी नाही, तरी गोळी द्या!

प्रश्न: तालुक्याच्या गावी माझं छोटं मेडिकल आहे. रोजची गिऱ्हाइकं रिकामी स्ट्रिप दाखवून सेफिक्झिम हे अँटिबायोटिक मागतात, नाही म्हटलं की "मग समोरच्याकडून घेतो" म्हणतात. काय करू?

उत्तर: दादा, जाऊ दे समोरच्याकडे. सेफिक्झिम शेड्यूल एच१ या सरकारी औषधयादीत आहे, हा नियम १ मार्च २०१४ पासूनचा, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचंच नाही आणि दिलं की वेगळ्या रजिस्टरात डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध नि किती दिलं ते लिहायचं, रजिस्टर ३ वर्षं जपायचं. बरेच जण रात्री शटर ओढताना आठवून आठवून लिहितात आणि तिथेच घोळ होतो, बिल करतानाच लिहा ना. स्ट्रिपवर लाल चौकटीत सूचना छापलेली असते, बोट ठेवून तीच दाखवा, "काका, माझं लायसन जाईल हो" म्हणा, वाद बराच कमी होतो. नुसती सर्दी असेल तर सांगा की ती व्हायरल असते, अँटिबायोटिकने जात नाही, पैसे फुकट. झोपेची अल्प्राझोलाम पण याच यादीत आहे बरं का, तिथे तर ओळखीपाळखीला अजिबात भुलू नका.