जंगल आणि पाणी यांच्या अभ्यासात करिअर : एका पालकांच्या पत्राला उत्तर

प्रश्न : आम्ही चिपळूणला राहतो. मुलगी बारावी विज्ञान शाखेत असून तिने गणित आणि जीवशास्त्र दोन्ही विषय घेतले आहेत. जुलै २०२१ च्या पुरानंतर तिला जंगल आणि पाणी यांचा संबंध अभ्यासायचा आहे. वैद्यकीय शाखेकडे जायची तिची इच्छा नाही. झाडे लावली की पाणी वाढते, हे तर सर्वांनाच ठाऊक आहे. मग त्यात आयुष्यभर संशोधन करण्याजोगे काय आहे, आणि पुढे नोकरी मिळते का?

उत्तर : आपण गृहीत धरलेल्या गोष्टीपासूनच हे शास्त्र सुरू होते. उटीजवळच्या ग्लेनमॉर्गन येथे शास्त्रज्ञांनी शेजारशेजारची दोन लहान पाणलोट क्षेत्रे (ज्या भागावरचे पावसाचे पाणी एकाच ओढ्याला येऊन मिळते असे भूभाग) निवडली, काही वर्षे दोन्हींना हात न लावता पाऊस आणि ओढ्याचा प्रवाह मोजला, आणि १९७२ मध्ये त्यांपैकी एकाच्या निम्म्याहून अधिक भागात गवताळ जमिनीवर निलगिरीची लागवड केली. पहिल्या दहा वर्षांत त्या क्षेत्रातून वाहून येणारे पाणी सुमारे १६ टक्क्यांनी घटले, तर तोडीनंतर खोडांना पुन्हा फुटवे आल्यावर पुढील दहा वर्षांत ही घट सुमारे २५ टक्क्यांवर गेली. याचा अर्थ झाडे वाईट असा नव्हे. झाड मुळांवाटे पाणी ओढून पानांवाटे हवेत सोडते, आणि त्याच वेळी मुळे व पालापाचोळा यांमुळे जमीन सच्छिद्र राहून पाणी मुरते. या दोहोंपैकी कोणती बाजू जड ठरेल, हे झाडाची जात, माती, खडक आणि पाऊस यांवर अवलंबून असते. कोकणात ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडूनही उन्हाळ्यात वाड्यांवर टँकर का लागतो, याचा शोधही याच अभ्यासातून घ्यावा लागतो. पुराबाबतही तसेच आहे; साध्या पावसात जंगल पुराचा जोर कमी करू शकते, परंतु अतिवृष्टीने माती पूर्ण भिजल्यावर त्याचा प्रभाव बराच ओसरतो.

हे काम मोजमापाचे आहे. ओढ्यावर लहान बंधारा घालून त्याला इंग्रजी ‘व्ही’ आकाराची खाच ठेवतात आणि खाचेतून वाहणाऱ्या पाण्याची उंची सतत नोंदवतात. ही उंची दुप्पट झाली की प्रवाह दुप्पट होत नाही, तो साडेपाच पटींहून अधिक होतो; त्यामुळे उंचीच्या नोंदीतली बारीकशी चूकही प्रवाहाच्या हिशेबात मोठी होते. खाचेत पाला अडकला तर त्या दिवसाची नोंद वाया जाते, म्हणून भर पावसात जाऊन ती साफ करण्याची तयारी लागते. आपल्या मुलीला जंगलाची ओढ आहेच. चिकाटीने आकडे जमवण्यात आणि त्यांचा अर्थ लावण्यात तिला गोडी वाटते का, हे मात्र जरूर पाहावे.

तिने गणित ठेवले, हे फार बरे झाले, कारण त्यामुळे दोन वाटा खुल्या राहतात. पहिली कृषी अभियांत्रिकीच्या बी. टेक.ची, ज्यात मृद व जलसंधारण हा प्रमुख विषय असतो. दुसरी वनशास्त्राच्या चार वर्षांच्या पदवीची. हे दोन्ही अभ्यासक्रम आपल्याच जिल्ह्यात, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात आहेत. माझा कल पहिल्या वाटेकडे आहे. अभियांत्रिकीच्या पदवीनंतर वनस्पतींचा अभ्यास करता येतो, परंतु प्रवाहाचे गणित उशिरा हाती घेणे जड जाते. पुढे गेट परीक्षा देऊन आयआयटी रुरकीच्या जलविज्ञान विभागात एम. टेक. करता येईल.

नोकरीबाबत स्पष्ट सांगायला हवे. डेहराडूनची भारतीय मृदा व जल संधारण संस्था, रुरकीची राष्ट्रीय जलविज्ञान संस्था आणि कृषी विद्यापीठे येथे शास्त्रज्ञांच्या जागा मोजक्या असतात आणि तिथवर पोहोचायला पीएच. डी.सह साधारण दहा वर्षे जातात. तेवढा काळ थांबणे घराला परवडणार नसेल, तर पदव्युत्तर पदवीनंतर पाणलोट विकासाच्या प्रकल्पांत, पुण्याच्या ‘वॉटर’ (वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट) सारख्या स्वयंसेवी संस्थांत किंवा स्पर्धा परीक्षेद्वारे मृद व जलसंधारण विभागात काम करता येते. त्या कामाला मी दुय्यम मानत नाही. बंधारा कुठे घालावा आणि कुठे घालू नये हे समजणारी माणसे गावांना हवीच आहेत.

प्रवेशाचे पर्याय भरण्यापूर्वी मुलीला घेऊन एकदा दापोलीला जावे, दोन्ही महाविद्यालयांतील अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांशी तिला आपणहून बोलू द्यावे, आणि पसंतीक्रम तिलाच ठरवू द्यावा.