कड्यावरून अंडी गडगडत नाहीत का?

प्रश्न: स्कॉटलंडच्या सेंट किल्डा बेटांचा व्हिडिओ बघितला. सरळसोट कडे आणि त्यावर पक्ष्यांची नुसती जत्रा. एवढा मोठा किनारा सोडून हे तिथेच मरायला का जातात? आणि अंडी खाली पडत नाहीत का हो?

उत्तर: मरायला नाही, वाचायलाच जातात. हे पक्षी हवेत आणि पाण्यात राजे, पण जमिनीवर एकदम बावळट, फुलमार नावाच्या समुद्रपक्ष्याला तर धड उभंही राहता येत नाही, मग कोल्हा किंवा मोठे उंदीर आले की अंडी-पिल्लं सगळं साफ. सेंट किल्डा स्कॉटलंडच्याच नॉर्थ युइस्ट बेटापासूनसुद्धा साधारण ६४ किमी लांब, भर अटलांटिकमध्ये, तिथे यातलं कोणीच नाही.

आता अंडी. गॅनेट हा मोठा समुद्रपक्षी निदान घरटं तरी बांधतो आणि पायाच्या पडद्याखाली अंडं धरून उबवतो, जवळजवळ ४४ दिवस. गिलेमॉट हा दुसरा समुद्रपक्षी मात्र काडीसुद्धा आणत नाही, उघड्या दगडावर एकच अंडं, एका टोकाला निमुळतं. वर्षानुवर्षं सगळे सांगायचे की धक्का लागला की ते जागच्या जागी गोल फिरतं म्हणून पडत नाही, मीपण हेच सांगत फिरायचो. पण २०१८ मध्ये पक्षीशास्त्रज्ञ टिम बर्कहेड आणि त्यांच्या टीमने दाखवलं की मुळात या आकारामुळे ते उतारावरसुद्धा जास्त स्थिर बसतं, गडगडायची वेळच कमी येते. तरी पक्षी घाबरून एकदम उडाले की काही अंडी जातातच.

आणि खरा शिकारी तिथे होताच की, माणूस! दोर लावून कड्यावर उतरायचे, मांस खायचे, फुलमारचं तेल दिव्याला, आणि जमीनदाराचा खंड पिसांत भरायचे. २९ ऑगस्ट १९३० ला उरलेली ३६ माणसं स्वतःच विनंती करून बेट सोडून गेली. मजा म्हणजे त्यांच्यामागोमाग घरातले छोटे उंदीरपण संपले, माणसाशिवाय जगताच येईना त्यांना, रानातले छोटे उंदीर मात्र अजून आहेत. आता काळजी बाहेरून येणाऱ्या मोठ्या उंदरांची, म्हणून तिथे जाणाऱ्या बोटीत उंदीर नाही ना हे आधी बघावं लागतं.