कर्दळ उंच वाढते पण फुलं देत नाही, काय करावं?

तुम्ही दिलेल्या माहितीनुसार दक्षिणेच्या भिंतीलगत १२ फूट लांब आणि ३ फूट रुंद पट्टी आहे, दिवसभर ऊन आहे, माती काळी आहे. तीन वर्षांपूर्वी कर्दळ लावलीत, तिचं आता रान माजलंय, फुलं मात्र तुरळक. माळी दर महिन्याला शेंडे छाटून सारखं करून देतो आणि तुम्ही विचारताय की ही काढून दुसरं काही बारमाही, उंच लावावं का.

झाड बदलू नका. नाशिकच्या उन्हात कर्दळीइतकं काटक आणि पुरुषभर उंचीचं फूलझाड दुसरं शोधत बसावं लागेल. पहिलं काम म्हणजे माळ्याची कात्री थांबवा.

कर्दळीचा प्रत्येक दांडा आयुष्यात एकदाच फुलतो, आणि तोही शेंड्याला. सात-आठ पानं उलगडली की पानांच्या मधून तुरा वर येतो. त्याआधी शेंडा उडवला तर त्या दांड्याचं फूल गेलं. तो नंतर नुसता जागा अडवून बसतो. मेंदी किंवा जास्वंद छाटली की फांद्या फुटतात, कर्दळीचं तसं नाही. तिला फुटवे येतात ते जमिनीतल्या गड्ड्यावरून. म्हणून कात्री चालवायची ती दोनच ठिकाणी. पहिला तुरा संपला की बहुतेक वेळा त्याच्या खालच्या पानाच्या बगलेतून दुसरा तुरा निघतो. तेव्हा फक्त वाळलेला तुरा त्या नव्या फुटीच्या वर कापा. तिथले दोन-तीन तुरे फुलून झाले की अख्खा दांडा जमिनीपासून दोन बोटं ठेवून कापून टाका. हे नियमित केलं की गड्डा नवे दांडे वर ढकलत राहतो. काटेरी हिरवी बोंडं धरू देऊ नका, बी भरण्यात झाडाची ताकद जाते.

दुसरं कारण गर्दी. तीन वर्षांत गड्डे एकमेकांवर चढतात, मधला भाग जुना आणि रिकामा होतो, नवे दांडे बारीक येतात. बेट दर दोन-तीन वर्षांनी उकरून विभागावं लागतं. नाशिकसाठी याला दोन वेळा चांगल्या: थंडी ओसरल्यावर फेब्रुवारीअखेर, किंवा मृगाच्या आसपास. भर डिसेंबरात करू नका, गड्डे नुसते पडून राहतात आणि पाणी जास्त झालं तर कुजतात.

सगळे दांडे वीतभर ठेवून कापा, फावड्याने बेट कडेने सोडवून उचला, माती झटका. कडेचे टणक, पांढरट-गुलाबी डोळे असलेले तुकडे घ्या, प्रत्येकाला दोन-तीन डोळे हवेत. मधले काळपट, पोकळ गड्डे फेकून द्या. कापलेली बाजू सावलीत एक दिवस सुकू द्या.

काळ्या मातीत वाळू मिसळायचा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. थोड्याशा वाळूने काही होत नाही. त्यापेक्षा वाफा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा ६ इंच उंच करा आणि वरच्या फूटभर मातीत पोयटा आणि कुजलेलं शेणखत मिसळा. तुमच्या पट्टीला चार घमेली शेणखत, अर्धा ते एक किलो निंबोळी पेंड आणि पाव किलो सिंगल सुपर फॉस्फेट पुरे. तुकडे आडवे, डोळे वर करून ३ इंच खोल लावा. भिंतीकडे उंच जातीची एक ओळ दोन-दोन फुटांवर, पुढे बुटक्या जातीची दीड-दीड फुटावर, आणि दोन्ही ओळी समोरासमोर न येता तिरप्या. दोन-तीन महिन्यांत पहिले तुरे दिसायला हवेत. एका बेटात सहा ते आठ दांडे ठेवा, जादा बारीक फुटवे मोडा. पावसाळी वाऱ्यात आडवी पडतात ती बहुतेक दाट, उसवलेली बेटं.

युरिया अजिबात नको. पानं हत्तीच्या कानाएवढी होतात आणि तुरा मागे पडतो. आपल्याकडे द्राक्षांमुळे कुठल्याही कृषी सेवा केंद्रात विद्राव्य खतांची किलोची पाकिटं मिळतात, त्याचा फायदा घ्या: सुरुवातीला १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं), तुरे दिसायला लागले की ०:०:५० (नुसतं पालाश), लिटरला ३ ग्रॅम, तीन आठवड्यांनी एकदा, बुंध्याशी, ओल्या मातीत. एप्रिल-मेमध्ये दर दोन-तीन दिवसांनी भरपूर पाणी आणि पालापाचोळ्याचं दोन इंच आच्छादन. कर्दळ मोरीच्या पाण्यावर वाढते हे खरं, म्हणून तर जुन्या घरांत ती मोरीमागे असायची. पण वॉशिंग मशीनचं पाणी रोज सोडाल तर पानांच्या कडा जळतात.

डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकडी झाला की पानं करपतील, वाढ थांबेल. घाबरू नका, पाणी निम्मं करा. कंद उपसून पेटीत ठेवायचं जे व्हिडिओत दाखवतात ते बर्फ पडणाऱ्या देशांसाठी आहे.

आता रोग-किडी. पावसाळ्यात नवं पान सुरळीतून उलगडतच नाही, किंवा उलगडलं की एका ओळीत भोकं दिसतात, तर आत अळी आहे. वरून फवारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. सुरळी बोटांनी दाबून अळी चिरडा. प्रमाण जास्त असेल तर बीटी पावडर (अळी मारणाऱ्या जिवाणूची), लिटरला दोन ग्रॅम, संध्याकाळी सुरळीच्या तोंडात ओता. पानाखाली नारिंगी भुकटी दिसली तर तो तांबेरा. ती पानं कापून जाळा, बेट विरळ करा; तरी पसरला तर मॅन्कोझेब हे बुरशीनाशक, अडीच ग्रॅम प्रतिलिटर, फवारा. गोगलगायींसाठी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट रात्री वाफ्यात पसरा आणि सकाळी त्याखाली जमलेल्या उचलून मिठाच्या पाण्यात टाका. घरात कुत्रं-मांजर असेल तर गोगलगायींच्या विषारी गोळ्या टाळा.

खरी भीती विषाणूची. शिरांच्या कडेने पिवळे तुटक पट्टे, नंतर तिथेच तपकिरी करपा, फूल लहान आणि डागाळलेलं. याला औषध नाही. बेट गड्ड्यासकट उपटून कचऱ्यात द्या, कंपोस्टमध्ये नको, आणि कोयता स्पिरिटने पुसल्याशिवाय दुसऱ्या बेटाला लावू नका. प्रिटोरिया या कर्दळीच्या जातीची पानं जन्मतःच पिवळ्या रेघांची असतात, पण त्या रेघा सलग आणि स्वच्छ असतात; त्या पाहून चांगलं झाड फेकू नका.

तुमची सध्याची कर्दळ बारीक लाल फुलांची, भरपूर काळं बी धरणारी असेल तर ती रानटी जात आहे; कितीही सेवा केली तरी फूल बोटाएवढंच राहणार. मग मागच्या ओळीत वायोमिंग लावा, तांबूस पानं आणि नारिंगी फूल, सहा फुटांपर्यंत जाते. पुढे ल्युसिफर, लाल फुलाला पिवळी किनार, दोन-अडीच फूट. नर्सरीतून पिशवी घेताना फुललेलंच झाड निवडा, म्हणजे रंगाची खात्री आणि पानांवर पट्टे नाहीत ना हेही तिथेच पाहता येतं. बियांपासून करायच्या भानगडीत पडू नका: कवच कानशीने घासून २४ तास कोमट पाण्यात ठेवलं तर उगवतं खरं, पण संकरित जातीचं बी आईसारखं निघत नाही.