बुडालेल्या आगबोटींचा नाद लागला असेल तर
भाऊ, दारव्ह्यात बसून समुद्र दिसत नाही म्हणून काही अडत नाही, हे काम कागदावरच जास्त चालते. मुंबईच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या बोटींची यादी करायची म्हणतो, तर पहिले कोणती बोट युद्धानं बुडाली अन् कोणती दुसऱ्या कारणानं, ते वेगळं काढ. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला जाताना बुडालेली रामदास बोटही लोकं युद्धाच्या यादीत टाकतात, आता खवळलेल्या पावसाळी समुद्रात शत्रू कुठून आणायचा बाप्पा? मंगोलिया बोटीचं पाह्य, पी अँड ओ या इंग्रजी कंपनीची, २३ जून १९१७ ला मुंबईच्या बाहेर पाण्यातल्या सुरुंगावर गेली अन् ते सुरुंग जर्मनांच्या वोल्फ जहाजानं काही महिने आधीच पेरून ठेवले होते, म्हणून त्या दिवशी शत्रू जवळ होता का एवढंच पाहून थांबू नको. अन् नुसत्या नावावर जाऊ नको, मंगोलिया नावाच्या बोटी एकापेक्षा जास्त झाल्या, बांधणीचं साल अन् टनेज, म्हणजे बोटीचा आकार, जुळव. तिलावा बोट टॉर्पेडोनं बुडालेली, म्हणजे युद्धाचीच, २३ नोव्हेंबर १९४२, जपानी पाणबुडी आय-२९, पण मुंबईहून आफ्रिकेकडं जाताना भर समुद्रात, तिले किनाऱ्याच्या यादीत घेऊ नको. फोर्ट स्टिकीन बोट तर १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीतच स्फोट होऊन फुटली, दारूगोळ्यासोबत कापूस भरला होता, अन् कापूस आतून कसा धुमसतो हे आपल्याकडच्या माणसाले काय सांगायचं. तिच्यासाठी अपघात म्हणून वेगळा रकाना कर.