फेस हवा, साखर नको

प्रश्न: माझा मुलगा नववीत आहे. संध्याकाळी क्लासवरून आला की त्याला आणि त्याच्या बाबांना सेव-परमलसोबत (सेव आणि कुरमुरे) कोला लागतोच. ७५० मिलीची बाटली दोघं मिळून संपवतात. मी लिंबाचं सरबत करून दिलं, ताक दिलं. ‘हे आजारी माणसाचं आहे’ म्हणून मुलगा ग्लास बाजूला सारतो. सासूबाई म्हणतात, त्यापेक्षा उसाचा रस आणा, तो नैसर्गिक असतो. काय करू?
— एक आई, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर: ताई, तुमचा मुलगा बरोबर बोलला. ताप आला, उलट्या झाल्या की आपणच त्याला लिंबू-साखर-मिठाचं पाणी पाजतो. मग क्लासमधून दमून, भूक घेऊन आलेल्या मुलाला तेच पाणी मजेचं कसं वाटेल? त्याला हवी आहे ती जिभेवरची झिणझिण, आंबट चटका आणि दात कळवळतील असा गारवा. गोडाचा नंबर त्यानंतर लागतो. त्यामुळे फेस काढून घेऊन सरबत देण्यापेक्षा फेस ठेवून साखर काढायची.

आधी साखर किती जाते ते बघा. बाटलीच्या मागे बारीक अक्षरात १०० मिलीमागचा आकडा असतो. कोल्यात तो साधारण १०-११ ग्रॅम असतो. म्हणजे अर्ध्या बाटलीत जवळजवळ ४० ग्रॅम, सपाट १० चमचे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर मोठ्या माणसानेही दिवसाला ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, आणि २५ ग्रॅमच्या आत राहिली तर अधिक चांगलं. शिवाय कोल्यात कॅफिन असतं. संध्याकाळी ते पोटात गेलं की रात्री झोप लांबते आणि सकाळी शाळेला उठवताना तुमची दमछाक.

मुलाला समजवायला भाषण देऊ नका. मी गृहविज्ञान शिकवत असे तेव्हा मुलींना एक प्रयोग करायला लावायची, तो त्याच्याच हातून होऊ द्या. वाटीभर कोला चमच्याने ढवळून त्यातला वायू घालवायचा, वाटी तासभर ओट्यावर ठेवायची आणि मग घोट घ्यायचा. तो घोट नुसता पाक लागतो. गारव्याने गोडी कमी जाणवते आणि आंबटपणा ती झाकतो, म्हणून एवढी साखर थंड बाटलीतून सहज उतरते. घोट घेताना त्याचा चेहरा बघा, पुढचं बोलणं सोपं होईल.

आता करायचं काय? साधा सोडा आणा, ज्यात पाणी आणि वायूच असतो. लहान बाटल्या घ्या, कारण मोठी एकदा उघडली की दुसऱ्या दिवशी तिच्यात दम राहत नाही. दुकानात शेजारीच टॉनिक वॉटर ठेवलेलं असतं, ते उचलू नका, त्यात भरपूर साखर असते. जिऱ्याची किंवा लिंबाची तयार फेसाळ पेयंसुद्धा लेबल वाचल्याशिवाय पिशवीत टाकू नका.

सध्या कैऱ्या आहेत, तर पन्ह्यापासून सुरुवात करा. दोन मध्यम कैऱ्या कुकरमध्ये दोन शिट्ट्या देऊन उकडा. गर काढून त्यात मूठभर पुदिना, चमचाभर भाजलेल्या जिऱ्याची पूड, थोडं काळं मीठ, दोन मिरे घालून मिक्सरमधून काढा. सेव-परमलवर जीरावन, म्हणजे आपला खारट मसाला, पडतंच, तेव्हा गरात मीठ हात राखून. सुरुवातीला ग्लासमागे दीड चमचा येईल एवढी साखर किंवा गूळ याच गरात विरघळवा. गुळालाही हिशेबात साखरच धरायचं, त्याच्या रंगावर जाऊ नका. हा गर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. संध्याकाळी ग्लासात दोन खडे टाका, ग्लास तिरका धरा आणि फ्रीजमधला गार सोडा कडेने हळूहळू ओता.

इथेच बहुतेकांचं बिघडतं. सोडा ओतून झाल्यावर वरून काळं मीठ किंवा मसाला भुरभुरला की सगळं उसळून ओट्यावर येतं, कारण मिठाच्या कणाकणावर बुडबुडा बांधायला वायूला जागा मिळते. दोन मिनिटांत ग्लासात उरतं ते खारट पाणी, आणि मुलगा पुन्हा बाटलीकडे जातो. म्हणून मीठ, मसाला, साखर सगळं आधी गरात, आणि सोडा ओतल्यावर चमचा फिरवायचा नाही. सोडाही पक्का गार हवा. गार पाण्यात वायू जास्त टिकतो.

गोडी एकदम शून्यावर आणू नका. दीड चमच्याला जीभ सरावली की एक, मग अर्धा. कैऱ्या संपल्या की लिंबू-आलं, आमसुलं भिजवून काढलेलं पाणी, थंडीत आवळा, असं फिरत राहा. आवळ्याला आल्याचा रस हवाच, नाहीतर तो तुरट लागतो.

सासूबाईंचा मान राखून सांगते, उसाच्या रसात साखर कोल्यापेक्षा कमी नसते. पेलाभर रस महिन्यातून कधीतरी, रसवंतीवर सगळ्यांनी मिळून जाऊन प्यावा. त्यात आनंद आहे. रोजच्या बाटलीच्या जागी तो नको. आपल्या इंदूरच्या सराफा बाजारातल्या शिकंजीचंही तेच. बाहेरगावचे पाहुणे नाव ऐकून लिंबूपाणी समजतात, पण ती दुधाची, केशर-सुकामेव्याची, चांगली दाट आणि गोड असते. मला ती मनापासून आवडते, पण तो मिष्टान्नाचा प्रकार आहे, तहानेचा नाही.

दातांचंही लक्षात ठेवा. आंबट सोडा घरचा असला तरी आंबटच. सेव-परमल खाता खाता ग्लास संपवावा. मोबाइल बघत तासभर घोट घोट घेत बसलं तर दातांचा वरचा थर झिजतो. प्यायल्यावर साध्या पाण्याने चूळ भरायची, ब्रश लगेच करायचा नाही.

आणि नवऱ्याला विश्वासात घ्या. वडिलांच्या हातात बाटली आणि मुलाच्या हातात पन्हं, हे कोणत्याही घरात चालत नाही.

प्रश्न: वय ६७, मधुमेह आणि रक्तदाब, रोज इन्सुलिन घेतो. लग्नकार्यात सगळे कोल्ड्रिंक घेतात तेव्हा ‘शुगर फ्री’ घेतलं तर चालेल का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर: काका, त्याने रक्तातली साखर वाढत नाही, तेव्हा कार्यात एखादा ग्लास घेतलात तर बिघडणार नाही. रोज मात्र नको, कारण जिभेची गोडाची ओढ तशीच राहते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी असे गोड पर्याय वापरू नयेत असं सांगितलं. तो सल्ला ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांच्यासाठी दिलेला नव्हता, पण घरी रोज पातळ ताक, जिरं आणि कोथिंबीर घालून, हेच तुम्हाला बरं. रक्तदाब आहे, म्हणून मीठ जवळजवळ नाहीच. सोड्याच्या काही बाटल्यांतही सोडियम असतं, तेव्हा लेबल बघून घ्या. नारळपाणी गोड असतं आणि त्यात पोटॅशियमही बरंच. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

एक गोष्ट घरच्यांनाही वाचून दाखवा. इन्सुलिन घेतल्यावर जेवायला उशीर झाला, घाम फुटला, हात थरथरायला लागले, तर ती साखर उतरल्याची खूण आहे. त्या वेळी शुगर फ्रीची बाटली कुणी दिली तर तिचा काही उपयोग नाही. तेव्हा खरी साखरच लागते: तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्या, पंधरा मिनिटांनी साखर तपासा, कमीच असेल तर पुन्हा घ्या. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखान्यात न्यायचं. खिशात साखरेची पुडी ठेवत जा, विशेषतः लग्नाला जाताना, कारण तिथे पंगत कधी वेळेवर बसत नाही.