कोडिंग : कसब की इंजिनीअरिंग?

प्रश्न : पुढच्या वर्षी मी कॉलेजला जाईन. कोडिंग माझं मीच शिकले, दोन लहान ॲप्सही केली. दादा याच क्षेत्रात आहे; तो म्हणतो, ‘ही कारागिरी आहे, काम करता करता येते, पदवीत वर्षं घालवू नकोस.’ बाबांच्या मते हे इंजिनीअरिंग आहे. कोणाचं ऐकू?

उत्तर : दादाच्या बोलण्यात तथ्य आहे. कोड कुठे तोडावा, कुठला भाग लिहूच नये, ही नजर दुसऱ्यांचा कोड वाचून आणि रिव्ह्यूमध्ये (सहकारी आपला कोड तपासतात तेव्हा) बोलणी खाऊनच येते. परवान्याचा आग्रहही या क्षेत्रात फारसा नाही. अमेरिकेत २०१३ मध्ये सॉफ्टवेअर इंजिनीअरसाठी परवाना परीक्षा सुरू झाली. परीक्षार्थीच मिळेनात, म्हणून २०१९ नंतर ती बंद पडली.

पण दादाला थेरॅक-२५ बद्दल विचार. कर्करोगावर किरणोपचार देणारं हे यंत्र. १९८५ ते १९८७ दरम्यान त्यातून सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर मात्रा बसली, काही दगावले. त्यामागची एक चूक अशी : ऑपरेटरने स्क्रीनवरची नोंद भरभर दुरुस्त केली, की एकाच वेळी चालणाऱ्या दोन प्रक्रियांचा मेळ चुकायचा. गंमत म्हणजे (गंमत कसली!) तीच चूक आधीच्या मॉडेलमध्येही होती, पण तिथे हार्डवेअरचं इंटरलॉक (धोक्याच्या वेळी यंत्र चालूच न देणारी सोय) तिला अडवत होतं. नव्या यंत्रात ते काढून सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर टाकली. ते एकट्या प्रोग्रामरने लिहिलेलं. माणूस कसबी असेलही, पण यंत्राच्या धोक्यांचा जो आढावा घेतला गेला, त्यात सॉफ्टवेअरच्या चुका धरल्याच नव्हत्या. नुसत्या कसबाने ही उणीव भरून निघत नाही.

माझं मत पदवीच्या बाजूने आहे, पण कारण बाबांचं नाही. कोड लिहिणं तू आपणहून शिकतेच आहेस, पुढेही शिकशील. ऑपरेटिंग सिस्टिम, समांतर प्रक्रिया, संभाव्यता, टेस्टिंग हे विषय मात्र एकटीने नेटाने पुरे करणारे फार थोडे. कॉलेज निवडताना नावाआधी अभ्यासक्रम बघ. यातलं काय सक्तीचं आहे आणि प्रोजेक्टचा कोड कोणी वाचतं का, ते विचार. पहिल्या वर्षापासून एखाद्या ओपन सोर्स (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा) प्रकल्पात हात घाल, म्हणजे दादाचाही मुद्दा राहील.

तोवर तुझ्या एका ॲपमध्ये दोन फोनवरून एकाच क्षणी तीच नोंद बदलून बघ. काय बिघडलं आणि का, हे शोधण्यात संध्याकाळ कशी गेली ते मला कळव.