पायांची पैसेवारी

पोरी,

तुझा निरोप रात्री साडेअकराला आला. ऐकला सकाळी, दुकानाचं शटर वर करता करता. सहा मिनिटं बोललीस आणि सहा मिनिटांत चार वेळा एकच विचारलंस, ‘काका, सायकल रेसमध्ये मी ताईसाठी थांबले ते चुकलं का?’ फोनवर मला असलं बोलता येत नाही, मधी गिऱ्हाईक येतं. म्हणून लिहितोय.

तुझा प्रश्नच चुकलाय. घाटाच्या तिसऱ्या वळणावर ताई मागं पडली, तू ब्रेक दाबलास, पुढच्या चौघी निघून गेल्या, हे सगळं नंतरचं. मला त्याच्या आधीचं सांग. घाट लागायच्या आधी तू तिला काय विचारलंस? निरोपात तूच म्हणालीस, ‘कशी आहेस?’ विचारलं आणि ती म्हणाली, ‘ठीक.’ रेस तिथं गेली, त्या ‘ठीक’वर. वळणावर नुसता पंचनामा झाला.

पाय संपत आले की सांगायचं. मला आयुष्यात सायकलीतलं एवढंच कळलंय आणि ते मी तुला कंटाळा येईस्तोवर सांगणार आहे.

आता हिशोब बघ. सपाटीवर ताशी चाळीसच्या आसपास पळताना तुझी बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यात जाते. पुढचीच्या चाकामागं हात-दीड हात अंतरावर बसलीस की पाव ते तिसरा हिस्सा ताकद वाचते. आणि जी पुढं असते तिला वेग नुसता दहा टक्के वाढवायचा तर हवेशी झुंजायला साधारण तेहतीस टक्के जास्त जोर लावावा लागतो. सावकाराचं व्याज बरं. घाटात मात्र वेग बारा-पंधरावर येतो, तिथं मागं बसण्याचा फायदा नावापुरता. ज्याचं ओझं त्यानं ओढायचं. म्हणून संघातल्या दुसरीला जिंकवायला राबणारीचं खरं काम घाटाच्या पायथ्याशी संपतं. वळणावर थांबून तू ताईला काय दिलंस? बाटलीतलं पाणी दिलंस, ते कामाचं. बाकी सोबत दिलीस. सोबत वरातीत लागते.

रागावू नकोस. मन मोठं आहे तुझं, ते मला ठाऊक आहे. पण ताईनं पायथ्याच्या पाच किलोमीटर आधी ‘मी संपले, तू जा’ म्हटलं असतं तर तिनं पुढं राहून तुझ्यासाठी वारा अडवला असता, शेवटचं होतं नव्हतं ते तुझ्यावर खर्चलं असतं, आणि तू त्या चौघींबरोबर ताजी वर गेली असतीस. संपलेल्या माणसाकडंही सपाटीवर दोन-तीन किलोमीटर देण्याएवढं काहीतरी असतं. ते वापरायचं की घाटात वाया घालवायचं, हे त्यानं तोंड उघडण्यावर आहे.

लोक तुला व्हिएत्तोची गोष्ट सांगतील. मलाही सांगितली होती. १९३४ ची टूर द फ्रान्स, म्हणजे फ्रान्सभर कित्येक दिवस चालणारी सायकल रेस, वीस वर्षांचा रेने व्हिएत्तो, पिरेनीज डोंगरात त्याच्या संघाच्या आंतोनिन मान्यचं चाक गेलं. पोरानं आपलं पुढचं चाक काढून दिलं आणि रस्त्याकडेच्या भिंतीवर रडत बसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तेव्हा उलटा डोंगर चढून अख्खी सायकल दिली. मान्य टूर जिंकला, व्हिएत्तो पाचवा. त्याचा भिंतीवरचा फोटो दाखवून सगळे त्याग, त्याग करतात. मला त्या गोष्टीत वेगळंच दिसतं. मान्यचं चाक मोडलं होतं ते जगाला दिसत होतं. ताईचे पाय मोडलेले कुणाला दिसले?

माझेही दिसले नव्हते.

हे मी तुला कधी सांगितलं नाही. २००८ साली आम्ही दोघं राज्याच्या रेसला उतरलो. मी आणि माझा जोडीदार. संघ पाच जणांचा, पण तिघं पन्नास किलोमीटरांतच गळाले. ठरलं होतं की मी जिंकायचं, त्यानं मला घाटापर्यंत न्यायचं. नव्वद किलोमीटरला ऊन मी म्हणत होतं आणि माझ्या दंडांवर काटा आला. थंडी वाजल्यासारखा. उजव्या मांडीत आत काहीतरी मासळीगत उडत होतं. बाटली अर्ध्या तासापूर्वीच संपलेली. त्यानं मान वळवून विचारलं, “पाय कसे हायेत?”

“बेस.”

“नक्की?”

“चल म्हणलं ना.”

तो चालला. बारा किलोमीटर एकटा पुढं. आपली पाळी संपली की माणूस कोपर हलवतो, मागच्याला पुढं बोलावतो. त्यानं बारा किलोमीटरांत एकदाही कोपर हलवलं नाही. मी त्याच्या चाकाकडं बघत होतो. मागच्या टायरला काळ्या मातीचा एक गोळा चिकटलेला, प्रत्येक फेऱ्याला टप टप करायचा. घाटाच्या पहिल्याच चढावर माझी मांडी धरली आणि मी सायकल आडवी केली. त्याच्यात तोवर काही उरलं नव्हतं. तो नववा आला. पहिल्या तिनात आला असता तर खेळाडू कोट्यातून कुठंतरी चिकटला असता, असं आम्हा दोघांनाही वाटायचं. पुढच्या वर्षी त्याच्या वडलांनी सायकल माळवदावर टाकली ती टाकलीच.

आणि मी खोटं का बोललो? आईनं बोरमाळ मोडून मला सायकल घेतली होती. गावच्या पारावर फलक लागला होता माझ्या नावाचा. बावीस वर्षांचा होतो. ‘माझे पाय गेले’ म्हणायला जे तोंड लागतं ते मला त्या वयात कुणी दिलं नव्हतं. आमच्याकडं पोरांना दुखलं तर गप बस म्हणून सांगतात. शिवाय मला खरंच वाटत होतं की येतील परत, घाट लागला की येतील. कधी कधी येतातही. हे मी सबब म्हणून सांगत नाही. बरं, सबब म्हणूनच सांगतोय. पण तू त्या जागी असतीस तर काय बोलली असतीस?

मला माहीत आहे काय बोलली असतीस. साठाव्या किलोमीटरला तुझी बाटली रिकामी होती. रस्त्याकडेला मी पाणी घेऊन उभा होतो, तू हात केला नाहीस. ‘ठीक आहे काका’ म्हणत गेलीस. दशमी खिशात तशीच घरी नेलीस, तुझी आई म्हणाली मला. अंगातली साखर दीड-दोन तासांत उतरते, तासाला साठ ग्रॅम तरी पोटात गेलं पाहिजे, हे तुला मी किमान वीस वेळा सांगितलंय. म्हणजे तुम्ही दोघीही एकमेकींशी खोटं बोलत घाटापर्यंत आलात, आणि मग तू थांबलीस म्हणून आता रडतेस.

टोकियोचं आठव. २०२१ चं ऑलिंपिक, महिलांची १३७ किलोमीटरची रेस. नेदरलँड्सच्या चौघी, चारही नावाजलेल्या. ऑलिंपिकमध्ये कानात रेडिओ चालत नाही. ऑस्ट्रियाची ॲना कीझनहोफर, गणितातली डॉक्टर, संघात दुसरं कुणी नाही, सुरुवातीलाच निसटलेल्या पोरींत होती आणि शेवटचे चाळीसएक किलोमीटर एकटी. तिच्यानंतर पंचाहत्तर सेकंदांनी त्या चौघींतली व्हान व्ल्यूटेन हात वर करून रेषेवर आली, सोनं आपलंच समजून. चौघींचा संघ असून पुढं कोण आहे हे तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं. आपल्या रेसेसमध्ये तर रेडिओ स्वप्नातही नाही. आपल्याकडं तोंड आहे, तेवढंच. ते वापरायचं.

आडव्या वाऱ्याचं तर यावरच चालतं. आषाढात गेवराईहून शहागडकडं जाताना वारा डाव्या कानशिलात मारतो, तेव्हा आडोसा पुढचीच्या सरळ मागं नसतो, तिच्या उजव्या कुशीला असतो. सगळ्या तिरक्या लागतात, पुढची वीस-तीस सेकंदांत बाजूला होते, दुसरी येते. रस्ता जेवढा रुंद तेवढ्याच पोरींना आडोसा, उरलेल्या कडेला वाऱ्यात. आता यातली एक दमलीय आणि सांगत नाही. तिच्या पुढं हातभर फट पडते, फटीची गाडीभर होते, आणि तिच्या मागच्या सगळ्या गेल्या. ‘मी पाळी घेत नाही, मागं जाते’ एवढं ओरडली असती तर रांग टिकली असती. (उघड्या हायवेवर असलं तिरकं करायला जाऊ नका. कंटेनरवाल्याला तुमची रांग कळत नाही.)

‘कशी आहेस?’ हा प्रश्न बंद. त्याला ‘ठीक’शिवाय उत्तर नसतं. आपल्याकडं पिकाची पैसेवारी काढतात ना, तशी पायांची काढायची. दर वीस किलोमीटरला, आणि घाटाच्या दहा किलोमीटर आधी एकदा. ‘किती पैसे?’ ‘सत्तर.’ ‘साठ.’ पन्नासच्या आत आली की दुष्काळ, तिथंच जाहीर, आणि कुणी कुणासाठी राबायचं ते तिथल्या तिथं बदलायचं. आपल्याकडं दुष्काळ नेहमी उशिरा जाहीर होतो, पीक जळून गेल्यावर. तुम्ही तसं करू नका. आकडा फुगवून सांगणारीला मी पुढच्या रेसला घेणार नाही, मग ती तू असलीस तरी. ताईलाही हेच सांगणार आहे, तिला वाईट वाटेल, वाटू दे.

जोडीदाराचं विचारशील. गेवराईच्या अलीकडं त्याचं हॉटेल आहे. येता-जाता थांबतो मी, चहाचे पैसे घेत नाही तो. त्या दिवशी ‘बेस’ म्हणालो तेव्हा मला माहीत होतं, हे मी त्याला इतक्या वर्षांत सांगितलेलं नाही. त्याला कळलंच असेल, असं धरून चाललोय. अंदाजच तो. मी विचारलेलं नाही.

या रविवारी तिकडंच जाऊ. ताईला घे. त्याच्याकडं चहा घेऊ, मग तुम्ही दोघी पाच-दहा मिनिटं बाहेर सायकलीपाशी थांबा, मला त्याच्याशी जरा बोलायचंय. पहाटे पाचला निघायचं. ट्यूब दोन आण. परवा एकच आणली होतीस आणि रस्त्यात बाभळीचे काटे किती पडलेले असतात ते तुला सांगायला नको.

काका